तेलातलं पाणी, ड्रममधलं केमिकल आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं की तेलातून पाणी वेगळं करायला केमिकल मिळतं, त्याला डिमल्सिफायर म्हणतात. बास, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. भोसरी-चाकणकडची पत्रं जास्त, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून असेल. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: सर, भोसरीत आमचं छोटं फोर्जिंगचं युनिट आहे, भट्टी फर्नेस ऑइलवर चालते. हल्ली बर्नरची ज्योत मधेच फडफडते, तडतड आवाज येतो, कधी कधी विझतेच. ऑइलमध्ये पाणी आहे असं फिटर म्हणतो. एक सेल्सवाला ड्रम घेऊन मागे लागलाय, हजार लिटरला एक लिटर टाका, पाणी गायब होईल म्हणतो. घेऊ का?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर: ड्रमचं नंतर बघू, आधी टाकीचा बॉटम ड्रेन उघडून बघितलात का? पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. बऱ्याच ठिकाणी ज्योत फडफडायचं कारण एवढंच असतं की टाकीच्या तळाला पाणी साठत साठत सक्शनच्या तोंडापर्यंत आलंय आणि पंप तेलाबरोबर मधूनच नुसतं पाणी ओढतोय. हे झालं मोकळं पाणी. त्याला कुठलंही केमिकल लागत नाही, कॉक उघडायचा आणि काळं तेल यायला लागेपर्यंत सोडून द्यायचं, फुकटचं काम आहे.

आता ते "गायब". पाणी कुठेही गायब होत नाही हो. तेलात पाणी तीन तऱ्हेने असतं, एक तळाला बसलेलं मोकळं, दुसरं बारीक बारीक थेंब होऊन तेलातच अडकलेलं म्हणजे इमल्शन, आणि तिसरं अगदी थोडं विरघळलेलं. डिमल्सिफायर चालतं ते फक्त दुसऱ्यावर. फर्नेस ऑइलमध्ये अस्फाल्टीन म्हणजे डांबरासारखे जड रेणू असतात, गंज असतो, बारीक गाळ असतो, आणि हे सगळं पाण्याच्या थेंबाभोवती गोळा होऊन चिवट पापुद्रा धरतं, मग दोन थेंब एकमेकांवर आपटले तरी एक होत नाहीत. केमिकलचे रेणू त्या पापुद्र्यात घुसतात, अस्फाल्टीनला तिथून हटवतात, मग थेंबाला थेंब मिळतो, मोठा होतो आणि वजनाने खाली जातो. केमिकलचं काम तिथे संपलं. खाली बसवायचं काम गुरुत्वाकर्षणाचं आणि बसलेलं पाणी बाहेर काढायचं काम तुमच्या माणसाचं. टाकीला बसायला वेळच दिला नाही किंवा ड्रेनच केला नाही तर ड्रमचे पैसे वाया.

थेंब मोठा होण्याने किती फरक पडतो ते आकड्यात सांगतो, कारण इथेच सगळी गंमत आहे. स्टोक्सने १८५१ साली मांडलेला नियम असा की थेंब खाली जायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, व्यास दहापट तर वेग शंभरपट. १८० सेंटीस्टोकचं (हे दाटपणाचं माप) फर्नेस ऑइल घ्या, ५० डिग्रीला, त्यात १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दिवसाला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खाली सरकतो. म्हणजे दोन मीटर उंच टाकीत त्याला तळ गाठायला काही वर्षं लागतील! तोच थेंब १०० मायक्रॉनचा झाला की दिवसाला पंधरा-वीस सेंटीमीटर. केमिकलचा फायदा हा एवढाच आहे आणि खरा आहे, नाही म्हणत नाही मी.

दुसरं म्हणजे गरम करणं. तेल गरम झालं की पातळ होतं, शिवाय तेल पाण्यापेक्षा जास्त फुगतं त्यामुळे दोघांच्या घनतेतला फरक वाढतो, आणि फर्नेस ऑइलच्या बाबतीत हा फरक मुळातच थोडा, तेल ०.९५ च्या आसपास आणि पाणी १. थंड टाकीत केमिकल ओतून काही होणार नाही. पण म्हणून हीटर फुल्ल करू नका. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते तो, किमान ६६ डिग्री धरलेला असतो, टाकी त्याच्यापेक्षा निदान दहा डिग्री खाली ठेवायची, म्हणजे ५०-५५ पुरे. आणि तळाला पाणी असताना टाकी गरम करायच्या कॉइलजवळ तापमान शंभरच्या पुढे गेलं तर त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि अख्खी टाकी फेस येऊन उतू जाते, हे अपघात होतात, गंमत नाही.

आता ड्रमची परीक्षा. सेल्सवाल्याला सांगा, बाटली लाव. याला बॉटल टेस्ट म्हणतात, तेलविहिरींपासून रिफायनरीपर्यंत सगळे हेच करतात आणि तुमच्या शेडमध्येही जमतं. १०० मिलीच्या खुणा असलेल्या चार-पाच काचेच्या बाटल्या घ्या, टाकीच्या मधल्या भागातलं तेल भरा (तळातलं नको, तिथे मोकळं पाणी येतं आणि परीक्षाच फसते), केमिकल झायलीन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये पातळ करून दहा टक्क्यांचं करा, म्हणजे एक भाग केमिकल आणि नऊ भाग झायलीन. १०० मिली तेलात या पातळ केलेल्याचे ०.१ मिली टाकले की १०० पीपीएम झाले (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग). एका बाटलीत ५०, दुसरीत १००, तिसरीत २००, आणि एक बाटली बिनकेमिकलची ठेवा, ती विसरलात तर टेस्टला अर्थ नाही. बुचं घट्ट लावून सगळ्या सारख्या हलवा, ५०-५५ डिग्रीच्या गरम पाण्यात उभ्या करा आणि अर्ध्या तासाने, एका तासाने, रात्रभराने तळाला किती पाणी बसलं ते बघा. बिनकेमिकलच्या बाटलीतही तेवढंच पाणी पडलं असेल तर सेल्सवाल्याला चहा पाजा आणि निरोप द्या. कुठल्याच बाटलीत काही पडलं नाही तर एक तर त्याचं केमिकल तुमच्या तेलाला लागू नाही किंवा तेलात पाणीच नाही, आणि मग तुमची ज्योत दुसऱ्याच कारणाने फडफडतेय, नोझल आणि प्रीहीटर बघा.

हजार लिटरला एक लिटर म्हणजे हिशोबाने १००० पीपीएम होतात. साधारण डोस दहा-वीसपासून दोन-तीनशे पीपीएमपर्यंत असतो. जास्त टाकल्याने जास्त पाणी पडेल असं वाटतं ना, पण उलटं होतं, एका मर्यादेनंतर हेच रेणू स्वतः थेंबाभोवती गर्दी करतात आणि नवीन इमल्शन धरतात, ते फोडणं पहिल्यापेक्षा अवघड. म्हणून बाटलीत जिथे सगळ्यात कमी डोसला काम झालं तोच डोस.

बाजारात फर्नेस ऑइलसाठी नेमकं उलटं केमिकलही विकतात, जे पाणी फोडत नाही तर आणखी बारीक करून तेलात धरून ठेवतं. ते थोतांड नाही, पाणी अगदी बारीक आणि सारखं पसरलेलं असेल तर तापल्यावर ते थेंब फुटून तेलाचं अटमायझेशन म्हणजे बारीक फवारा होणं सुधारतं, काही ठिकाणी मुद्दाम तसं जाळतात. पण दोन्ही एका टाकीत टाकलीत तर एकमेकांच्या विरुद्ध काम करतील, त्यामुळे लेबलवर काय आहे ते विचारून घ्या.

आणि मूळ प्रश्न, पाणी येतंय कुठून? आयएस १५९३ या भारतीय मानकाप्रमाणे फर्नेस ऑइलमध्ये एक टक्क्यापर्यंत पाणी चालतं, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमागे शंभर लिटर पाणी नियमात बसतं आणि तुम्ही तेलाच्या भावाने घेता. त्यापेक्षा जास्त वाटत असेल तर एनएबीएलची मान्यता असलेल्या एखाद्या लॅबमध्ये डीन-स्टार्क पद्धतीने मोजून घ्या, १९२० ची पद्धत आहे, तेलातलं पाणी मोजायलाच शोधलेली, आणि अजून कोर्टात उभी राहील इतकी पक्की. टँकर पाणी आणत नसेल तर मॅनहोलचं गॅस्केट बघा, व्हेंटला टोपी आहे का बघा, आणि टाकीत स्टीम कॉइल असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या. कॉइलला सुईएवढं भोक पडलं तरी रोज पाणी येत राहतं आणि तुम्ही रोज केमिकल ओतत राहता. ड्रेन केलेलं पाणी मात्र नाल्यात सोडू नका, पुढे ते पवनेत नाहीतर इंद्रायणीत जातं.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या जनरेटरचे डिझेल फिल्टर सारखे चोक होतात. मेकॅनिकने टाकीतून काळपट शेवाळासारखं काहीतरी काढलं. कमिटीत एकाचं म्हणणं डिमल्सिफायर टाकू, दुसऱ्यांचं म्हणणं ऑनलाइन मिळणारं वॉटर रिमूव्हर टाकू. मीटिंगमध्ये भांडणं व्हायची वेळ आलीय.
— सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर: सेक्रेटरी साहेब, दोघंही चूक, मिनिट्समध्ये लिहून टाका. तुमच्या टाकीत जे निघालं ते बुरशी आणि बॅक्टेरिया आहेत. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी तर इंधनाच्या टाक्यांसाठीच प्रसिद्ध आहे. ती खाते डिझेल पण राहायला तिला पाणी लागतं, म्हणून डिझेल आणि तळाचं पाणी जिथे भेटतात त्या पातळीवर ती थर धरते. पाणी नसेल तर ती वाढत नाही. सोसायटीचा जनरेटर महिन्यात किती चालतो? लाइट गेली तर. बाकी वेळ टाकी अर्धी रिकामी, दिवसा तापते, रात्री गार पडते, वरच्या हवेतली वाफ पत्र्यावर जमून खाली उतरते, आणि डिझेल महिनोन्‌महिने तेच.

पंपावरच्या डिझेलला बीएस-सिक्सच्या नियमात पाणी किलोला २०० मिलिग्रॅमच्या आत लागतं. पुण्याला बरंचसं डिझेल मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने लोणी काळभोरला येतं आणि तिथल्या टाक्यांमध्ये बसायला वेळ मिळतो, त्यामुळे तुमच्याकडचं पाणी बहुतेक तुमच्याच टाकीत तयार झालेलं असणार. डिझेलचं एक बरं आहे, ते पातळ आहे, फर्नेस ऑइलसारखं पाणी धरून बसत नाही, आपोआप खाली सोडतं. त्यामुळे डिमल्सिफायरची गरजच कमी. चांगल्या डिझेल अॅडिटिव्हमध्ये ते थोडंसं घातलेलं असतंच, कारण त्यातलं डिटर्जंट पाण्याला तेलात धरून ठेवायला बघतं आणि त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

वॉटर रिमूव्हरवाल्यांना मात्र जपून. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये अल्कोहोल जातीचं सॉल्व्हंट किंवा इमल्सिफायर असतं, जे पाणी काढत नाही तर डिझेलमध्ये मिसळवून इंजिनातून पाठवतं. जुन्या इंजिनाने ते खपवून घेतलं असतं. जुलै २०२३ पासून नवीन जनरेटरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराबद्दलचे सीपीसीबी फोर प्लस नियम लागू झालेत, त्यातली बरीच इंजिनं कॉमन रेलची, इंजेक्टरमधलं प्रेशर हजार बारच्या पुढे, तिथे पाणी गेलं तर इंजेक्टर गंजतो, घासतो, आणि एका इंजेक्टरच्या किमतीत तुमची टाकी कितीतरी वेळा साफ होईल.

तर करायचं काय, टाकी पूर्ण रिकामी करून आतून साफ करून घ्या, पत्र्यावरचा चिकट थर खरवडून, मग एकदा बायोसाइडचा (बुरशी-बॅक्टेरिया मारणाऱ्या औषधाचा) डोस लेबलवर लिहिलाय तेवढाच, फिल्टर बदला, आणि महिन्यातून एकदा तळाचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत घेऊन बघायची ड्यूटी कुणावर तरी टाका. वॉचमनवर नको, मेंटेनन्सच्या माणसावर टाका. टाकी शक्यतो भरलेली ठेवा. डिप रॉडला लावायची वॉटर फाइंडिंग पेस्ट मिळते, पाणी लागलं की रंग बदलते, पेट्रोल पंपवाले रोज वापरतात ती, एक ट्यूब कमिटीला खूप दिवस पुरेल.

प्रश्न: पावसाळ्यात बाइकच्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर डिमल्सिफायर टाकून चालेल का? सध्या ई-ट्वेंटी पेट्रोल आहे.
— कॉलेजवाला, हडपसर

उत्तर: नाही चालणार. हे इमल्शन नाहीच. ई-ट्वेंटी म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यातलं इथेनॉल थोडंसं पाणी पोटात घेतं आणि सगळं एकजीव दिसतं, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल आणि खाली पाणी-इथेनॉलचं पाणचट मिश्रण, जे पहिल्यांदा इंजिनात जातं कारण पाइप खालून आहे. थंडीत ही मर्यादा आणखी कमी होते. फोडायला तिथे काही पापुद्राच नाही त्यामुळे केमिकल काय फोडणार! टाकी उतरवून रिकामी करायची, दुसरा उपाय नाही. टाकीच्या झाकणाचं रबर दहा वेळा बघ पावसाआधी.

प्रश्न: सर, मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्रूड ऑइलसाठी जे डिमल्सिफायर वापरतात ते नक्की काय असतं? आणि एकीकडे क्रूडमधून पाणी काढतात, दुसरीकडे रिफायनरीत डिसॉल्टरमध्ये परत पाणी घालतात, हे डोक्यात बसत नाहीये.
— विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: बेटा, चांगला प्रश्न, यावर व्हायव्हाला हमखास अडकवतात. सुरुवात इतिहासापासून करू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विहिरीतून जे घट्ट तपकिरी इमल्शन यायचं ते कुणी घ्यायचं नाही, खड्ड्यात सोडून द्यायचे. त्यावर दोन रस्ते निघाले. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेलने १९११ साली विजेने थेंब एकत्र आणायचं पेटंट घेतलं, हाच तो कॉट्रेल ज्याचा धुरातली धूळ विजेने पकडणारा इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर सिमेंट कारखान्याच्या धुराड्यात असतो. आणि सेंट लुइसच्या विल्यम बार्निकेलने १९१४ साली केमिकलने इमल्शन फोडायचं पेटंट घेतलं, सुरुवातीला फेरस सल्फेट, नंतर साबणासारखी द्रव्यं, पुढे त्याच्या मालाचं नाव ट्रेटोलाइट म्हणून जगभर गेलं. आज दोन्ही रस्ते एकाच टाकीत एकत्र असतात, ती टाकी म्हणजे तुझं डिसॉल्टर, क्रूडमधलं मीठ काढायचं भांडं.

आजच्या केमिकलमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ऑक्साइड आणि प्रोपिलीन ऑक्साइडचे ब्लॉक असलेले पॉलिमर असतात, किंवा अल्किलफिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनवर तेच ऑक्साइड चढवलेले, शिवाय पॉलिअमाइन, सल्फोनेट वगैरे. इथिलीन ऑक्साइडची बाजू पाण्याकडे ओढते, प्रोपिलीन ऑक्साइडची तेलाकडे, या दोन्हींचं प्रमाण बदलत बदलत माल जुळवतात. एकच रेणू सगळं करत नाही. एक पाणी पटकन पाडतो, दुसरा थेंबांचे पुंजके करतो, तिसरा तेल चकचकीत करतो म्हणजे उरलेलं धुकट पाणी काढतो, आणि बाजारातला ड्रम म्हणजे यांचं मिश्रण झायलीन किंवा अॅरोमॅटिक नॅफ्थामध्ये. ते सॉल्व्हंट पेटणारं आहे, लॅबमध्ये बर्नरजवळ बाटल्या उघडू नकोस. बॉटल टेस्टमध्ये फक्त किती मिली पाणी पडलं एवढंच लिहून थांबणारी मुलं मी बघितलीत, खरं बघायचं ते मधला थर. तेल आणि पाण्याच्या सीमेवर चॉकलेटी, लोंबकळणारा थर राहिला तर त्याला रॅग म्हणतात, आणि प्लांटमध्ये हा रॅग वाढत वाढत डिसॉल्टरच्या ग्रिडला म्हणजे आतल्या विजेच्या जाळीला लागला की करंट वर जातो आणि ट्रान्सफॉर्मर ट्रिप. पाणी कमी पाडणारं पण सीमा स्वच्छ ठेवणारं केमिकल अनेकदा चांगलं ठरतं.

एका क्रूडला चाललेलं दुसऱ्याला चालेलच असं नाही. आपल्याच देशात बघ, १९७४ साली सागर सम्राट या समुद्रात खोदणाऱ्या रिगने शोधलेलं बॉम्बे हायचं क्रूड हलकं, आणि गुजरातमध्ये मेहसाणाच्या बालोल-संथालला जमिनीखाली तेलच पेटवून घट्ट तेल काढतात, तिथलं इमल्शन वेगळीच जात. म्हणून युनिव्हर्सल डिमल्सिफायर असं कुणी म्हणालं की मी पुढचं ऐकत नाही.

आता परत पाणी का घालतात. विहिरीजवळ पाणी काढतात ते विकण्यासाठी, पाइपलाइनला साधारण अर्धा ते एक टक्का पाणी-गाळ चालतो. पण हे जे उरलेलं पाणी असतं ते खारं असतं, सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमची क्लोराइड त्यात, आणि काही मीठ तर कोरड्या स्फटिकासारखं तेलात लटकलेलं. हे तसंच डिस्टिलेशनच्या भट्टीत गेलं की मॅग्नेशियम क्लोराइडपासून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, कॉलमच्या डोक्यावर पाण्याचे पहिले थेंब जमतात तिथे त्याचं हायड्रोक्लोरिक अॅसिड होतं आणि पाइप खाऊन टाकतं. म्हणून क्रूडमध्ये ३ ते १० टक्के ताजं पाणी घालून व्हॉल्व्हवर मुद्दाम घुसळतात म्हणजे मीठ त्या पाण्यात उतरतं, मग ११० ते १५० डिग्रीला, पाणी उकळू नये एवढ्या प्रेशरखाली, हजारो व्होल्टच्या क्षेत्रात आणि काही पीपीएम डिमल्सिफायर देऊन ते पाणी परत बाहेर. म्हणजे मुद्दाम इमल्शन करायचं आणि लगेच फोडायचं, आणि ऑपरेटरची सगळी कारागिरी मिक्सिंग व्हॉल्व्ह किती दाबायचा यात असते, कमी दाबला तर मीठ उतरत नाही, जास्त दाबला तर पाणी पडत नाही.

प्रश्न: माझा मुलगा राजस्थानात बाडमेरकडे तेलक्षेत्रात केमिस्ट आहे. फोनवर म्हणतो की "बाबा, पॉलिमर आल्यापासून झोप उडालीय, ट्रीटर ऐकत नाही." आम्हाला काही कळत नाही, काळजी वाटते.
— निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर: मास्तर, काळजीचं काही नाही, मुलगा कामाचं सांगतोय. बाडमेरकडे मंगला नावाचं मोठं क्षेत्र आहे, २००४ साली सापडलं, २००९ पासून तेल निघतंय. तेल मेणचट, थंडीत पाइपमध्येच गोठेल असं, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची पाइपलाइन सगळा रस्ता गरम ठेवावी लागते. जमिनीतलं उरलेलं तेल ढकलायला तिथे पाण्यात पॉलिमर मिसळून आत सोडतात, पाणी दाट झालं की ते तेलाला बगल देऊन पुढे पळत नाही, तेल पुढे रेटतं. युक्ती झकास आहे, तेल वाढतं.

पण तेच दाट पाणी काही काळाने तेलाबरोबर वर येतं आणि त्रास चालू. ट्रीटर म्हणजे तेल-पाणी गरम करून वेगळं करायचं भांडं. पाणीच दाट झाल्यावर त्यातले तेलाचे थेंब वर येईनात, म्हणजे पाणी तेलकट जातं आणि मधला थर जाड होतो, शिवाय हीटरच्या नळीवर पॉलिमर चिकटून करपतं आणि उष्णताच पोचत नाही. पूर्वी लागू पडलेलं केमिकल आता पडत नाही, डोस बदला, मिश्रण बदला, परत बाटल्या लावा. पॉलिमरचं प्रमाण विहिरीगणिक आणि महिन्यागणिक बदलतं त्यामुळे एकदा जुळवलेलं टिकत नाही, म्हणून झोप उडालीय. शाळेत प्रयोग नीट करायला शिकवलंत ना त्याला, तेच करतोय तिथे.

प्रश्न: लोहगावला विमानतळाजवळ राहतो म्हणून कुतूहल. विमानाच्या इंधनातही हेच केमिकल टाकतात का?
— दहावीचा विद्यार्थी

उत्तर: नाही, तिथे उलट असली द्रव्यं इंधनात येऊ नयेत म्हणून धडपड असते. विमानात भरायच्या आधी इंधन कोअलेसर नावाच्या फिल्टरमधून जातं, त्याच्या तंतूंवर पाण्याचे बारीक थेंब अडकून मोठे होतात आणि खाली गळतात. साबणासारखं काहीही, मग ते डिमल्सिफायर का असेना, त्या तंतूंवर बसलं की फिल्टर निकामी, आणि बाहेरून कळतही नाही. म्हणून तिथे माती भरलेल्या फिल्टरमधून इंधन काढून असली द्रव्यं शोषून घेतात, आणि भरताना एका छोट्या कॅप्सूलमधून नमुना ओढतात, पाणी असेल तर रंग बदलतो. साधारण ३० पीपीएमपेक्षा जास्त मोकळं पाणी चालत नाही. एवढं का, तर वर उणे चाळीसला विरघळलेलं पाणीसुद्धा बाहेर पडून बर्फ होतं. जानेवारी २००८ मध्ये बीजिंगहून आलेलं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रोला धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं, इंधन नियमात बसणारं होतं, पण त्यातल्या पाण्याचा बर्फ पाइपमध्ये साठून इंजिनाच्या उष्णता देणाऱ्या भागाच्या तोंडाशी अडकला होता. सुदैवाने कुणी दगावलं नाही आणि पुढे तो भागच बदलला.

प्रश्न: सीएनसीचं वर्कशॉप आहे, मशिनवर धातू कापताना सोडतो तो कूलंट जुना झाला की पांढरा दुधासारखा असतो. तो फोडून तेल वेगळं करायला डिमल्सिफायर टाकलं, काही झालं नाही.
— वर्कशॉप मालक, चाकण

उत्तर: होणार नाही, कारण तुमचं इमल्शन उलट्या बाजूचं आहे. लोण्यात तुपाच्या आत पाण्याचे थेंब असतात आणि दुधात पाण्याच्या आत तुपाचे, तसं क्रूडमध्ये तेलात पाणी आणि तुमच्या कूलंटमध्ये पाण्यात तेल. तेलात विरघळणारं केमिकल पाण्यातल्या थेंबांपर्यंत पोचतच नाही. तुमच्या थेंबांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, तो भार मारायला तुरटी, फेरिक क्लोराइड, अॅसिड किंवा धन भाराचा पॉलिमर लागतो, याला रिव्हर्स ब्रेकर म्हणूनही विकतात. इथेही आधी बाटली लावा, पीएच बदलून बघा, डोस जास्त झाला तर थेंबांचा भार उलटा होतो आणि ते परत पसरतात.

नवीन सिंथेटिक कूलंट मात्र असा फुटत नाही, त्यात तेलच नसतं किंवा नावापुरतं असतं, तेव्हा कूलंटवाल्याकडून आधी डेटा शीट मागून घ्या. मशिनमधून गळलेलं स्लाइडवे ऑइल (सरकत्या भागांचं वंगण) वर तरंगतं ते रोज स्किमरने काढलंत तर कूलंट मुळातच जास्त दिवस टिकेल. आणि फोडून निघालेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं, भंगारवाल्याला देऊ नका, एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्या आणि मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्या नोंदीची, कॉपी फाइलला लावून ठेवा, इन्स्पेक्शनला पहिली तीच मागतात.